सहा कोंबड्या, एक कूलर आणि सासूबाई

२ मे

ही आज सकाळच्या गाडीने लेकीकडे गेली. लेकीचे दिवस भरत आले आहेत, तेव्हा महिनाभर तरी ही तिकडेच. निघताना मला दोन गोष्टी बजावल्या. परसातल्या सहाच्या सहा कोंबड्या हिला परत आल्यावर जिवंत दिसल्या पाहिजेत, आणि आईशी वाद घालायचा नाही. पहिली गोष्ट सोपी आहे.

आई म्हणजे हिची आई, माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, दात सगळे स्वतःचे, आणि तेही माझ्यावरच. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. तोपर्यंत आम्ही दोघं एका घरात सुखाने नांदत होतो, कारण मी घरात नसायचो. आता दिवसभर समोरासमोर. एका म्यानात दोन तलवारी. शेवटी ही कंटाळली आणि भावाला फोन केला. महिनाअखेरीस मेहुणा गाडी घेऊन येणार आणि सासूबाईंना कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार, असं ठरलं आहे. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

खरं लिहायचं तर मला वाईट वाटलेलं नाही. त्यांची खोली घरातली सगळ्यात गार खोली आहे. उत्तरेकडची, मागे मोठ्या झाडाची सावली, भर दुपारी फरशीवर अनवाणी उभं राहावं. खिडकीखाली माझं टेबल बरोबर बसतं. मी टेप लावून मोजून ठेवलंय.

३ मे

उन्हाने कहर केलाय. कोंबड्या मलूल होऊन बसल्या होत्या. पण घाबरायचं कारण नाही, गारवा हा माझा विषय आहे. अख्खी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली, निम्मी शिफ्टचा सुपरवायझर म्हणून. बाहेर डांबर वितळत असताना आत माझ्या हाताखाली बटाटे कुडकुडत असत. सहा कोंबड्या म्हणजे किस झाड की पत्ती.

खुराड्याची पाहणी केली आणि डोक्याला हात लावला. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी, पुढची बाजू सगळी जाळीची. मागून आलेली हवा पुढून निघून जाते. कोल्ड स्टोरेज असं चालवलं असतं तर मालकाने मलाच पोत्यात भरून विकलं असतं. गारव्याचा पहिला नियम म्हणजे दार बंद. कामावरचे हमाल मला ‘दारसाहेब’ म्हणायचे, कारण मी दिसण्याआधी माझं "दार!" ऐकू यायचं.

दुपारी बाजारात जाऊन थर्मोकोलचे तक्ते, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक घेऊन आलो. सासूबाई मागच्या पायरीवर पत्ते मांडून एकट्याच खेळत होत्या. मी पहिला तक्ता चिकटवला तशा म्हणाल्या, "जावईबापू, कोंबड्यांचं पार्सल करताय होय? कुठं पाठवायच्यात?"

मी हसलो नाही. अज्ञानाला हसू नये.

५ मे

खुराडं तयार झालं. चहूबाजूंनी थर्मोकोल, फटी बुजवल्या, जाळीवर प्लॅस्टिक. एका बाजूला भोक पाडून माळ्यावरचा जुना कूलर बसवला. थर्मामीटरचं टोक आत आणि आकडा बाहेर दिसेल अशी सोय केली, म्हणजे बघायला दार उघडायला नको.

आता फक्त कोंबड्या आत घालायच्या होत्या. त्यात संध्याकाळ गेली. ठिपकी आणि दोघी तांबड्या दाण्याला भुलल्या. लंगडी आपणहून गेली, तिला पळायचा कंटाळा. पांढरीला मी कोपऱ्यात गाठलं. राहिली काळी. ही काळी म्हणजे आमच्या हिची लाडकी, त्यामुळे डोक्यावर बसलेली. आज ती अक्षरशः माझ्या डोक्यावर बसली. शेजारच्या गच्चीवरून टाळ्या ऐकू आल्या.

आत गेल्यावर मात्र सगळ्यांनी पंख अंगापासून लांब धरले, चोची उघडल्या आणि उभ्या राहिल्या. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघा आई, कशा गार हवा अंगावर घेतायत."

"अहो, धापा टाकतायत त्या."

"त्या थंड हवा चोचीने आत ओढतायत. कूलर चालू आहे ना."

"बरं," त्या म्हणाल्या.

या बाईंचं ‘बरं’ ऐकलं की आपण नापास झाल्यासारखं वाटतं.

६ मे

सासूबाईंना विसरायला होतंय. वयच आहे. सकाळी खुराड्याचं दार सताड उघडं. कोंबड्या झाडाखाली मातीत खड्डे करून आडव्या पडलेल्या. सगळ्यांना पुन्हा आत घातलं. (काळीला शेवटी. चष्म्याची काडी वाकली.) विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "अंडं बघायला गेले होते हो. लावायचं विसरले वाटतं."

दुपारी बघतो तर खुराड्यावर ओलं गोणपाट. ते त्यांनी वाळत टाकलं होतं म्हणे. गोणपाट कोण धुतं? मी काढून, घडी करून त्यांना परत दिलं. संध्याकाळी पाण्याने भरलेलं पसरट घमेलं झाडाखाली पडलेलं. तेही उचलून ठेवलं. एक माणूस सतत विसरणार आणि दुसऱ्याने सतत आवरायचं, अशाने प्रयोग कसा व्हायचा?

८ मे

कालपासून दोन नवीन नियम. एक, अकरा ते चार या वेळात खुराड्याचं दार कोणीही, म्हणजे मीसुद्धा, उघडायचं नाही. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. दोन, माल फिरवायचा. कोल्ड स्टोरेजमध्ये खालची पोती वर आणि वरची खाली केली नाहीत तर माल सडतो. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी खालच्या दांडीवरच्या कोंबड्या वरच्या दांडीवर बसवायच्या आणि वरच्या खाली. ओळखू याव्यात म्हणून पायाला रंगीत फिती बांधल्या.

माल स्वतःहून जागा बदलतो, ही अडचण मला तीस वर्षांत आली नव्हती.

रात्री हिचा फोन. "कोंबड्या कशा आहेत?"

"उत्तम."

"आणि आई?"

"त्यांना विसरायला होतंय गं. काळजी वाटते."

ही केवढ्याने हसली. "आईला? तिला माझे पहिलीपासूनचे मार्क पाठ आहेत. तुमचेही आहेत. लग्नाआधी तुमच्या मास्तरांना विचारून आली होती."

हे मला नवीन होतं. गणिताचेही विचारले असतील का?

९ मे

अंडी बंद. चिकाटीने शोधलं, एकही नाही. थंड वातावरणात शरीराची कामं मंदावतात, बटाट्याला कोंब येत नाहीत तसंच हे असावं. म्हणजे पद्धत लागू पडते आहे. पण मनातून थोडा धास्तावलो आहे, कारण सकाळी लंगडी खाली मान घालून बसली होती आणि हाक मारली तरी बघेना. खुराड्यात वासही फार येतो. खाली टाकलेला भुसा कूलरच्या पाण्याने भिजून चिखल झालाय. काल बर्फाची लादी ठेवली होती, तिचीही भर.

सासूबाईंना हे काही सांगितलं नाही. त्या "बरं" म्हणतील.

१० मे

घवघवीत यश! दुपारी दोन वाजता आकडा बघितला तर कालच्यापेक्षा चक्क तीन अंशांनी खाली. बाहेर आग ओकतंय आणि आत तीन अंश कमी! कान लावून ऐकलं. आत निवांत शांतता. एकही धाप नाही. चार वाजता कुलूप काढलं तर सहाच्या सहा ताज्यातवान्या, लंगडीसुद्धा डोळे मिचकावून बघत होती. काळीच्या पाठीवर ओली माती होती, ती कुठून आली कळलं नाही.

मी सासूबाईंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून हो." पहिल्यांदाच काही चांगलं बोलल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१२ मे

यश कायम. दुपारचा आकडा उत्तम. फक्त खुराड्याची मागची एक फळी हलते आहे. उद्या खिळा मारतो.

एक काळजीची गोष्ट. सासूबाईंना खोकला झालाय. दुपारी मी हॉलमध्ये आडवा होतो तेव्हा त्यांच्या खोलीतून आवाज येतो. साधा खोकला नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखा, क्वक-क्वक-क्वक असा. बंद दाराबाहेरून विचारलं, "आई, बरं आहे ना?" आत एकदम शांतता. मग त्या म्हणाल्या, "खोकला आहे. तुम्ही झोपा."

१३ मे

औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, खोकला कोरडा की ओला? मी त्याला आवाज काढून दाखवला. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सौम्यातलं एक सरबत दिलं. सासूबाईंनी निमूटपणे चमचाभर घेतलं. तोंड वाकडं केलं, पण घेतलं.

फळीला खिळा मारला. संध्याकाळी खिळा पायरीवर पडलेला सापडला. हल्ली खिळेही टिकत नाहीत.

१५ मे

आज न्याहारीला सासूबाईंनी अंडं करून दिलं. म्हटलं, "अंडी तर बंद आहेत ना?"

"ठेवणीतलं आहे."

अंडी कोणी ठेवणीत ठेवतं का? पण चांगलं होतं, आणि जेवताना फार प्रश्न विचारू नयेत. सासूबाईंनी दुसरंही वाढलं. ही गेल्यापासून मी नीट जेवत नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बोलता बोलता म्हणाल्या, की मेहुण्याच्या घरी सगळ्या खोल्यांना एसी आहे, पण मागे मोकळी जागा नाही. चौथा मजला. "खिडकीतून खाली बघितलं की गाड्यांची टपं दिसतात." एवढंच बोलल्या. मग उठून भांडी विसळायला लागल्या.

मी नंतर टेबलाचं माप पुन्हा घेणार होतो, पण राहिलं.

१७ मे

खोकला कमी होत नाही. आज तर दोन-तीन सुरांत ऐकू आला. वाफ घ्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, या उन्हात वाफ घेतली तर मी शिजेन. मुद्दा बरोबर आहे.

२० मे

लेकीला मुलगी झाली! दोघी सुखरूप. हिने फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं. सासूबाईंनी फोन कानाला लावला तो बाळ रडायचं थांबेपर्यंत काढलाच नाही. पणजी झाल्या. मी आजोबा झालो. मी कोंबड्यांनाही जाऊन सांगितलं. (सकाळी. नियमात बसेल अशा वेळी.)

२३ मे

आज लिहायलाच हवं.

दुपारी वीज गेली. आजच्यासारखं ऊन मी जन्मात पाहिलेलं नाही, पानही हलत नव्हतं. कूलर बंद पडला. आकडा चढायला लागला. मी समोर उभा राहून बघत होतो. नियम असा, की वीज गेली तर दार अजिबात उघडायचं नाही, आतला गारवा तासन्‌तास टिकतो. कामावर असं शंभर वेळा केलंय. पण आकडा थांबेना. बाहेरच्या हवेपेक्षा आतला आकडा वर गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आत मी गारवा कोंडलाच नव्हता. मी ऊन कोंडलं होतं. बटाट्याला श्वास लागतो तो कितीसा, आणि या सहा जिवंत बाया धापा टाकणाऱ्या! हे मला इतक्या दिवसांत सुचू नये?

किल्ली खिशात नव्हती. सगळे खिसे उलटे केले. मग शेडमधली कुऱ्हाड आणली आणि पुढची भिंतच फोडायला लागलो. थर्मोकोलचा पांढरा चुरा सगळ्या अंगणात. मी ओरडत होतो, "काळे! लंगडे! आलो! आलो!" शेजारच्या गच्चीवर पुन्हा माणसं जमली. या वेळी टाळ्या नव्हत्या.

भिंत पडली. आत कोणीच नव्हतं.

एक पीससुद्धा हललं नाही. रिकामी दांडी आणि चिखल. मला वाटलं, संपलं. चोरीला गेल्या, मेल्या, वितळल्या, मला काही म्हणजे काही कळेना. हिला काय सांगू? निवृत्तीनंतर या घराने मला एक काम दिलं होतं. मी तिथेच चिखलात मटकन बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. मग अंगण गरगर फिरायला लागलं.

त्यानंतर आठवतं ते सासूबाईंचं बोट, माझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये. एवढीशी बाई, पण मला ओढत नेलं. "उठा. पाय टाका. आता हा. हां, असं." खोलीतल्या गार फरशीवर आडवं केलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. मी डोळे उघडले तर नाकासमोर काळी उभी. माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. तिच्यामागे ठिपकी. तांबड्या दोघी पसरट घमेल्यात पाय बुडवून उभ्या. पांढरी कलिंगडाच्या सालीवर तुटून पडलेली. लंगडी खाटेखाली.

"क्वक," काळी म्हणाली.

"खोकला," मी म्हणालो.

सासूबाईंनी टॉवेल पिळून पुन्हा डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, "आजच आल्या हो. तुमच्या कुऱ्हाडीला घाबरून पळाल्या असतील मागच्या फळीतून."

खाटेखाली लंगडीच्या शेजारी टोपलीत अंडी होती. टोपलीभर. एका दुपारची नसावीत. मी बघितलं, त्यांनी मी बघताना बघितलं. मग मला झोप लागली, सहा कोंबड्यांच्या मध्ये, आणि निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप मला पहिल्यांदा लागली.

२४ मे

सगळा थर्मोकोल काढला. फटी उघडल्या. छपरावर ओलं गोणपाट टाकलं. गोणपाट कुठे आहे ते विचारावं लागलं नाही, दारात घडी करून ठेवलेलं होतं. सासूबाई पायरीवरून सांगत होत्या, मी करत होतो. "पाण्याची भांडी सावलीत, हो, दोन ठेवा. एकीने हक्क सांगितला की बाकीच्या तहानलेल्या राहतात." "झाडाखालची माती ओली करा, त्यांना लोळायला." "दुपारी माझ्या खोलीत."

मी म्हटलं, "आई, हे आधी सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं ऐकलं.

२७ मे

दुपारी आम्ही आठही जण खोलीत असतो. सासूबाई मला पत्ते शिकवतात. त्या लबाडी करतात, मी पकडलंय. काळी माझ्या मांडीवर झोपते. हिला सांगायची सोय नाही, तिला वाईट वाटेल.

३० मे

मेहुण्याचा फोन. उद्या सकाळी येतोय. विचारलं, "भाऊजी, आईचं सामान तयार आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

सामान म्हणजे एक बॅग आणि पत्त्यांचा कॅट. त्यांनी बॅग भरली तेव्हा मी बाहेर अंगण झाडत होतो. तसं अंगण सकाळीच झाडून झालं होतं. बॅग भरून त्या कोंबड्यांजवळ बसल्या आणि एकेकीला काहीतरी सांगत होत्या. मला ऐकू आलं नाही. मी ऐकायला जवळ गेलो नाही.

संध्याकाळी ही फोनवर म्हणाली, "आता तुम्हाला हवी तशी खोली मिळेल." मी म्हटलं, "हो." दिवसभर मी "हो" सोडून काही बोललोच नाही. झोप येत नाही.

३१ मे

मेहुणा आला. मोठी गाडी, आत एसी चालू. घाईत होता. बॅग डिकीत टाकली, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. त्या समोर बघत होत्या. मला म्हणाल्या, "जावईबापू, दुपारी जेवत जा."

मेहुण्याने गाडी चालू केली. मी गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. का उभा राहिलो ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याने काच खाली घेतली.

"काय झालं भाऊजी?"

"आईंना नेता येणार नाही."

"का?"

"कोंबड्या खात नाहीयेत."

"अरे बापरे. कधीपासून?"

"उद्यापासून," मी म्हणालो.

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. सासूबाईंनी पट्टा काढायचा प्रयत्न केला, तो निघेना. मी दार उघडून तो काढून दिला आणि बॅग डिकीतून बाहेर घेतली. पायरीपाशी काळी येऊन उभी होती.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि घरात गेल्या.